टर्नरबाई आणि कॅलेंडरचा कागद

टर्नरबाई कुणाच्याही ट्रकला हात लावण्याआधी कॅलेंडर कापायच्या. चालू महिन्याचं नाही, सरलेल्या महिन्याचं. पहिल्या तारखेला सकाळी जुनं पान उतरवायचं, त्याची चौघडी करायची आणि कात्रीखाली दाबून ठेवायची. मग महिनाभर त्यातून बोटभर रुंदीच्या पट्ट्या निघत. एखाद्या पट्टीवर अर्धी संकष्टी यायची, एखादीवर बाईंनीच लिहिलेलं ‘दूधवाला आला नाही’. हे सगळं त्या दातेरी चाकांमध्ये घालून दाबत.

लाखनीत राहून ट्रक म्हटलं की कुणालाही हायवेवरचे सोळा चाकी आठवतील. आमचे ट्रक हातभर लांबीचे. रिमोटवर चालणारे, शॉर्ट कोर्स म्हणतात त्या जातीचे, वर रुंद कवच आणि खाली गुबगुबीत टायर. दिवाळी झाली, धान निघालं, बांध्या म्हणजे भातखाचरं कोरडी पडली की एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याची बांधी मागून घ्यायची आणि तिथे उड्यांसाठी मातीचे उंचवटे करून हे ट्रक पळवायचे, असा आम्हा दहा-बारा मोठ्या माणसांचा उद्योग होता. आमच्या बायका याला काय म्हणत ते इथे लिहीत नाही. या ट्रकांची फक्त मागची दोन चाकं जोर लावतात, पुढची नुसती वळतात. त्यामुळे सगळा भार मागे असतो आणि मोडतं तेही मागेच.

कॅलेंडरचं काम तिथे होतं. मोटरच्या दांड्यावर एक छोटं दातेरी चाक असतं, त्याला पिनियन म्हणतात. ते शेजारच्या मोठ्या चाकाला फिरवतं. दोघांचे दाते फार घट्ट बसले तर मोटर तापते, सैल राहिले तर मोठ्या चाकाचे दाते सोलून निघतात. म्हणून मध्ये कागदाची पट्टी घालायची, मोटर दाबून धरायची, स्क्रू आवळायचे आणि चाक फिरवून पट्टी बाहेर काढायची. पट्टी न फाटता निघाली आणि तिच्यावर सारख्या अंतराच्या वळ्या उमटल्या की काम झालं. “बरोबर बसलं का?” असं कुणी विचारलं तर बाई पट्टी त्याच्या हातात देत. “मले नको इचारू. कागदाले इचार.”

बाई जवाहरनगरच्या कारखान्यात होत्या. नवरा तिथे लेथवर टर्नर होता. तो आजारपणात गेला तेव्हा मुलगा दुसरीत होता. नवऱ्याच्या जागी बाईंना नोकरी मिळाली ती कागदपत्रांच्या टेबलावर. दोन वर्षं त्या तिथे बसल्या, मग अर्ज करून करून लेथवर गेल्या. “टेबलावर बसून मी फुगली असती,” एवढंच कारण त्या सांगत. माहेर पवनीचं, वैनगंगेत मासेमारी करणारं घर. वडील जाळं विणताना प्रत्येक डोळा बांबूच्या कांबीवर मोजून घेत. लहानपणी त्या शेजारी बसून कांब धरत. “बाबा कांबीनं मोजत, मी कागदानं मोजून राहिली. धंदा तोच आहे,” असं त्या म्हणायच्या.

माझी त्यांची ओळख त्या रिटायर झाल्यानंतरची. हायवेला लागून माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. एके दिवशी साठीच्या एक बाई पिशवीतून धुळीनं माखलेला ट्रक घेऊन आल्या आणि काउंटरवर ठेवून म्हणाल्या, “याची बॅटरी मेली. ज्याचा आहे तो पुण्याले गेला. तुयाच्यानं होते का पाय.” मुलानं कॉलेजात असताना घेतलेला ट्रक कपाटावर पडून होता. क्वार्टर सोडायचं म्हणून सामान बांधताना त्यांना तो सापडला. मी बॅटरी बदलली, वायरींना डाग दिले. तोवर बाईंनी माझ्याच स्क्रूड्रायव्हरनं मागचा गिअरबॉक्स उघडून काउंटरवर मांडला होता. गिऱ्हाइकं आपापले मोबाइल विसरून तेच पाहत उभी होती. दोन महिन्यांत त्या माझ्या दुकानामागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायला आल्या, एक छोटा लेथही आला आणि कामाची वाटणी झाली. “विजेचं तुयं, दात्याचं मायं.”

वाटणीत नसलेली कामंही त्या करत. सकाळी घंटागाडी आली की आपल्या कचऱ्यासोबत माझ्या काउंटरखालचा डबाही नेऊन रिकामा करत. मी म्हणायचो, बाई, राहू द्या, मी टाकतो. “तुले कचरा दिसतच नाही, तू काय टाकशीन,” हे त्यावरचं उत्तर. ते खरंच होतं.

येणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट हवी असे, मोठी मोटर. पवनीचे एक तांदळाचे व्यापारी होते, सगळे त्यांना शेठ म्हणत. त्यांनी साधी ब्रशवाली मोटर काढून थेट महागडी ब्रशलेस मागवली, भारी बॅटरी लावली आणि आमच्या देखत बांधीत पहिल्यांदाच पूर्ण जोर दिला. ट्रक दीड फूट उडाला, खाली आला आणि जागेवर घरघरत राहिला. आतले प्लास्टिकचे दाते संपले होते. बाईंनी झाकण उघडून तो चुरा तळहातावर घेतला. “शेठ, मोटर वाढवली, बरं केलं. पण मागच्याले काहून सांगितलं नाही?” शेठ मोठ्यानं हसले आणि त्या दिवसापासून बाईंचे झाले.

बाईंचा क्रम ठरलेला होता. आधी मागची चाकं हातानं फिरवून पाहायची. मग गिअरबॉक्समध्ये लोखंडी दाते, मग चाकापर्यंत जाणारे प्लास्टिकचे दांडे काढून पोलादाचे, त्यांचे बुश आणि वॉशर बाई स्वतः लेथवर काढत. सगळ्यात शेवटी मोटर, आणि मोटर दांडगी असेल तर तिच्यावरचं पिनियन एक-दोन दाते लहान. ट्रक पाच मिनिटं पळवून आणला की त्या मोटरवर बोट टेकवत आणि एकपासून मोजत. पाचपर्यंत बोट टिकलं तर ठीक. तीनवरच उचललं तर ट्रक पुन्हा टेबलावर. माझ्याकडे तापमान मोजायचं यंत्र होतं, ते मी एकदा पुढे केलं. त्यांनी आधी बोटानं मोजलं, मग यंत्रानं, आणि यंत्र बरोबर दाखवतं असं सर्टिफिकेट मला दिलं.

एक नट मात्र त्या कुणाला आवळू देत नसत. मोठ्या चाकाशेजारी एक क्लच असतो. एकदम धक्का बसला की तो थोडा घसरतो आणि दाते वाचतात. मी एकदा शर्यतीच्या नादात तो गच्च आवळला, उडी चांगली बसावी म्हणून. उडी फार चांगली बसली. उतरताना पोलादाचा दांडाच वाकला. बाई वाकडा दांडा निरखत म्हणाल्या, “जोर कुठं तरी निघनारच ना बाबू. त्याले जागा ठेवा लागते.” नंतर आठ दिवस त्या नटाकडे बोट दाखवून मला ‘हे काय आहे?’ असं विचारत राहिल्या, शाळेतल्यासारखं.

तिसऱ्या वर्षी त्यांचे हात कापायला लागले. आधी चहाच्या कपानं चुगली केली. मग डोळेही अंधुक झाले. औषधं सुरू झाली. मुलगा दर रविवारी फोन करायचा, चांगला मुलगा आहे, पुण्याला या म्हणून मनापासून मागे लागायचा. बाई फोन ठेवून बराच वेळ लेथ पुसत बसायच्या. एक दिवस मी विचारलं, “जाणार का तुम्ही?”

“तिथं मी काय करू? सकाळी नातवाले बसपाशी सोडीन, संध्याकाळी आनीन. मधात टीव्ही पाहीन.” मग हातातलं फडकं झटकून म्हणाल्या, “हात चालते तवर मले इथंच राहाचं आहे. पण लोकाइचे ट्रक खराब करून नाही राहाचं. मायाकडून गेलेले तीन ट्रक दाते सोलून वापस आले का मी पुण्याले. तसं पोराले सांगून टाकलं.”

त्याच महिन्यात पहिला परत आला. पंधरा दिवसांनी दुसरा. तो शेठचा होता. शेठ बिचारे ‘माझीच चूक असेल’ म्हणत होते. बाईंनी दाते पाहिले आणि झाकण लावून टाकलं. त्या दिवशी त्यांनी जेवणही लवकर आटोपलं.

मला तिसरा नको होता. खरं सांगायचं तर माझ्या आईनंतर माझा जेवणाचा डबा कुणी उघडून पाहिला असेल तर त्यांनी. म्हणून मी एक उद्योग सुरू केला. तयार झालेले ट्रक दुपारी माझ्याकडे येत आणि लोक संध्याकाळी घेऊन जात. बाई दुपारी तासभर पडायच्या. तेवढ्यात मी काउंटरमागे बसून मोटरचे दोन स्क्रू सैल करायचो, पट्टी घालून दाते नव्यानं बसवायचो आणि पट्टी खालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचो. कॅलेंडर बाईंच्या खोलीत, म्हणून मी माझ्या पावतीपुस्तकातली गुलाबी पावती फाडून घ्यायचो. दोन वर्षं रोज पाहत आलो होतो, काम जमत होतं. जे बाईंनी बरोबर बसवलेलं असे, तेही मी भीतीपोटी पुन्हा बसवायचो.

त्या सबंध हंगामात एकही ट्रक परत आला नाही. बांधीत शर्यती झाल्या, शेठच्या ट्रकचा दुसरा नंबर आला, त्यांनी बाईंना साडी आणली आणि ती हिरवी आहे म्हणून बाईंनी त्यांना दोन गोष्टी ऐकवल्या. हात कापतच होते, पण बाई खुशीत होत्या. एक तक्रार तेवढी त्या अधूनमधून करायच्या. शर्यतीतून ट्रक आला की मोटरवर बोट टेकवायच्या, तीनवर उचलायच्या आणि माझ्याकडे पाहायच्या. “एवढ्यात मोटरी तापूनच राहिल्या गा. काहून असंन?” मी म्हणायचो, ऊन फार आहे. पौषातली गोष्ट.

होळी झाली आणि बाईंनी जाहीर केलं की रविवारी मुलगा न्यायला येतोय. मी हादरलो. म्हटलं, “पण तिसरा तर आलाच नाही.”

“नाही आला,” बाई म्हणाल्या. “आता येनार बी नाही. म्हनून जाऊन राहिली.”

मला ते तेव्हा कळलं नाही. मी वाद घातला, चिडलो, लेथ कोण चालवणार म्हणून विचारलं. त्यांनी लेथ मला देऊन टाकला. भंडारा रोड स्टेशनवर बाईंना आणि मुलाला गाडीत बसवायला मी आणि शेठ गेलो होतो. शेठनं संत्री आणली होती. बाईंनी मांडीवर मुलाचा तो जुना ट्रक धरला होता, लहान मूल धरावं तसा. गाडी सुटायच्या आधी त्यांनी खिडकीतून मला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा दिला आणि म्हणाल्या, “घरी जाऊन उघडजो. आन् सकाळी कचरा टाकत जा.” मी रडलो. शेठ दुसरीकडे पाहत होते.

डबा मी दुकानात येऊन उघडला. आत पट्ट्यांचे दोन जुडगे होते, दोऱ्यानं बांधलेले. एक कॅलेंडरच्या पट्ट्यांचा, त्यांचा स्वतःचा. सुरुवातीच्या पट्ट्यांवर वळ्या सरळ, सारख्या. पुढे पुढे त्या तिरप्या होत गेलेल्या, शेवटच्या कित्येक फाटलेल्या. एकही त्यांनी लपवली नव्हती. दुसरा जुडगा गुलाबी होता. माझ्या पावत्या. अगदी पहिल्या दिवसापासूनच्या, सगळ्या, कचऱ्याच्या डब्यातून उचलून, इस्त्री केल्यासारख्या सपाट केलेल्या. म्हणजे पहिल्याच सकाळी बाईंना समजलं होतं. मला वाटत होतं मी त्यांना चार महिने ठेवून घेतलं. माझा हात बसेपर्यंत त्या राहिल्या होत्या.

सगळ्यात वरच्या गुलाबी पट्टीवर निळ्या बॉलपेननं, कापऱ्या अक्षरात दोन ओळी होत्या.

‘हा कागद पातळ पडते. त्यानं मोटर तापते. कॅलेंडरचा घेत जाय.’