जळक्या गॅस्केटची माळ

डोंगरकड्याचा रत्नपाल मिस्त्री स्वतःच्या लग्नात बुद्धवंदना चालू असताना मान वळवून जनरेटरचा आवाज ऐकत होता, आणि शेवटी उठून त्याचा फिल्टर साफ करून आला. हे मी नाही सांगत, त्याची बायको सरिता सांगते. इतकी वर्षं झाली, पण राग तसाच ताजा आहे.

रत्नपाल हळद शिजवायचे कुकर बनवतो. ट्रॉलीवर मधोमध पाण्याचा बॉयलर, बाजूला ड्रम. खाली जाळ करायचा, वाफ ड्रममध्ये सोडायची, बायकांनी टोपल्यांनी कच्ची हळद वरून ओतायची. वाफ फार झाली तर बॉयलरवरची शिट्टी वजन उचलून ती बाहेर फेकते, तुमच्या घरच्या कुकरसारखीच. प्रत्येक बॉयलरवर लाल रंगात मिस्त्रीचं नाव आणि मोर. मोर कोंबडीसारखा दिसतो, पण हे त्याच्या तोंडावर कोणी म्हणत नाही.

वर्कशॉपात माणसं तीन. तो, वेल्डर देविदास, आणि जाळ लावून मशीन तपासणारा थावरा. आणि चौथी, खिळ्याला टांगलेली माळ. झाकणाखालच्या रबरी गॅस्केट जळाल्या की त्या ओवून केलेली. ज्याचा कुकर बिघडून परत येई, त्या ऑपरेटरच्या गळ्यात मिस्त्री ती माळ घाली, आणि त्यानं समोरच्या हॉटेलात सगळ्यांना चहा पाजायचा. आम्ही बाकावरची रिकामटेकडी मंडळी तर हंगामात माळेची वाटच बघायचो.

थावराच्याच तांड्यावरचा रूपसिंग एक कुकर चालवायचा. मालक दुसरा, जाळ सांभाळणारा हा, आणि हळद ओतणाऱ्या बायकांत याची बायको बेबीबाई. एका हंगामात तो वर्कशॉपात आला आणि म्हणाला, मिस्त्री, शिट्टीचं काहीतरी बघा, वाफ अंगावर येऊन राहिली. रत्नपालनं हातातला पाना खाली ठेवला. वाफ अंगावर येते म्हणून तक्रार करतोस, मग काय त्यातून थंडगार वारं सोडू का, असं म्हणून त्यानं माळ काढली. मशीन बिघडलं नव्हतं, तरी काढली. सगळ्यांत मोठ्यानं रूपसिंगच हसला. माळ घालून रस्त्यात दोन पावलं नाचला, चहा पाजला आणि गेला. पुन्हा त्यानं तक्रार म्हणून केली नाही. मिस्त्रीला वाटलं, तक्रारच मिटली.

पुढच्या हंगामात जवळा बाजारच्या अलीकडे एका शेतात तो बॉयलर फुटला. ड्रम रिकामे करताना वाफेचा कॉक बंद होता आणि जाळ मात्र चालूच होता. रूपसिंग जागच्या जागी गेला. बेबीबाई पाण्याची घागर आणायला विहिरीवर गेली होती, म्हणून वाचली.

संध्याकाळपर्यंत हॉटेलात निकाल लागला: प्यालेला होता, झोप लागली. कोणी पाहिलं होतं? कोणीच नाही. पण तो निकाल सगळ्यांच्या सोयीचा होता, शेतवाल्याच्या, कुकरवाल्याच्या आणि वर्कशॉपच्याही. देविदास तर हायसं वाटून म्हणाला, “आपलं वेल्डिंग कुठंच उघडलं न्हाई मिस्त्री. पत्रा फाटला. आपण सुटलो.”

रत्नपालनं तो फाटका बॉयलर मालकाकडून मागून आणला. शिट्टीच्या दांडीवर, ती उचलूच नये असे, तारेचे वेढे होते. घाईत गुंडाळलेली तार नव्हती ती. खाली लुगड्याची चिंधी घालून, नीट बसवलेली होती. त्यानं थावराला बोलावलं. थावरा बघून म्हणाला, “सगळेच बांधतात.”

“मग मला काहून सांगितलं न्हाई?”

थावरानं माळेच्या खिळ्याकडे बघितलं.

त्या दिवसापासून मिस्त्री तांड्यावर खेपा घालू लागला. गावाला विषय मिळाला. कोणी म्हणे केस मिटवायला जातो, कोणी त्याहून वाईट म्हणे. बेबीबाई ओट्यावर पाणी ठेवायची आणि आत निघून जायची. दारुड्याची बायको म्हणून तिला हळदीच्या कामावर कोणी घेत नव्हतं. तिची मुलगी निता शाळेत कोणाशी बोलत नव्हती. नवऱ्याचं नाव तेवढं धुतलं जावं, एवढंच तिला हवं होतं, आणि त्यासाठी लागणारी गोष्टच तिच्या तोंडून निघत नव्हती.

शेवटी एकदा रत्नपालनं विचारणंच सोडलं. ओट्यावर बसून बंद दाराला म्हणाला, “वहिनी, शिट्टीचं तोंड बायका उभ्या राहतात त्या अंगाला मीच ठेवलं. तो सांगायला आला, तर मी त्याची फजिती केली. बाकी मला काही विचारायचं न्हाई.”

बऱ्याच वेळानं दार उघडलं. तिनं पदर सारून उजवा हात पुढं केला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी वाफेनं भाजून आवळलेली होती.

“माझ्यासाठी बांधली त्यानं,” ती म्हणाली. “मीच म्हणलं, बांध एकदाची. चिंधी बी माझ्याच लुगड्याची. पीत नव्हता वो भाऊ. ते तरी सांगा लोकायला.”

पुढच्या हळद काढणीच्या आधी मिस्त्रीनं आपले सगळे ऑपरेटर आणि मालक वर्कशॉपात बोलावले. देविदासनं सुचवलं, तुम्हीच माळ घालून उभे रहा, लोक लक्षात ठेवतील. तो नाही म्हणाला. लोक हसतील, आणि हसण्यापायीच हे झालं. माळ त्यानं आधीच भंगारात टाकली होती. मग त्यानं पहिल्यापासून सांगितलं: शिट्टीचं तोंड कुठं ठेवलं, का ठेवलं, तिथं उभं राहून हळद एकदाही कशी ओतून बघितली नाही, रूपसिंग काय सांगायला आला आणि आपण काय केलं. मग मागून एक जण म्हणाला, माझी बी बांधलेली हाय मिस्त्री. मग दुसरा. मग जवळजवळ सगळे. एकानं झाकण कसं अडकतं तेही सांगितलं, जे कोणी विचारलंच नव्हतं.

प्रत्येक कुकरवर आता शिट्टीला वाकडी नळी आहे. वाफ डोक्याच्या वर, आभाळात जाते. आता दर हंगामाआधी तसंच बसतात, आणि पहिली चूक मिस्त्री स्वतःची सांगतो. गिऱ्हाईक मात्र तुटलं. ज्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं की माझ्या मशीननं माणूस गेला, त्याचं मशीन कोण घेणार? देविदासही दुसरीकडे कामाला लागला.

रूपसिंगचं नाव म्हणाल, तर ते काही पुरतं धुतलं गेलं नाही. प्यालेल्या माणसाची गोष्ट हॉटेलात अजून चालते, कारण ती सांगायला सोपी आहे. रत्नपाल चहा सोडून उठतो आणि दर वेळी तीच लांबलचक खरी गोष्ट सांगतो. लोक घड्याळं बघतात.

बेबीबाईला पुन्हा हळदीवर बोलावतात, पण ती जात नाही. कापूस वेचते. माघ-फाल्गुनात लांब कुठंतरी शिट्टी वाजते, वाफ वर जाते, कोणाला लागत नाही. ती मात्र वेचता वेचता थांबते आणि उजवा हात पदराखाली घेते.