कुडातली फट

ती कुणाला नमस्कार करायची नाही. समोर माणूस आला की त्याचा उजवा हात धरायची, उलटा करायची आणि म्हणायची, "दाखव अंगठा."

मग तो अंगठा उजेडाकडे धरून बघायची. बाजारात वांगं किडकं आहे का बघतात, तसा. पहिल्यांदा माझा बघितला आणि म्हणाली, "गेलेला आहे. कामाचा आहे." मला वाटलं, बाई वेडी आहे. गेलेला आणि वर कामाचा?

संस्थेच्या बाया तुम्हीही पाहिल्या असतील. त्या हसतात, पोरांच्या गालाला हात लावतात, आपल्या तांब्यातलं पाणी पितात आणि जाताना फोटो काढतात. ही हसायची नाही आणि फोटोही काढायची नाही. आम्ही तिला ताई म्हणायचो. अक्कलकुव्यात तिचं एका खोलीचं ऑफिस होतं, तिथे मी झाडलोट करायचे. मी चौथी शिकलेली. हे तिला कळल्यावर तिने माझ्या हातातला झाडू काढून पेन दिलं. झाडू पण माझ्याकडेच ठेवला.

अंगठ्याची गोष्ट अशी. दिवाळी झाली की आमचा सगळा पाडा गुजरातला ऊस तोडायला जातो. माझाही सगळा उमेदीचा काळ फडावरच गेला. कोयता आणि पाचट मिळून हाताची कातडी खाऊन टाकतात. पुढे रेशन दुकानात मशीन आलं. त्यावर अंगठा ठेवायचा, मशीनने ओळखलं तर धान्य. आमचे अंगठे त्याला ओळखू येईनात. दुकानदार खालच्या गावचा. तो म्हणायचा, "मशीन तुले वळखत नही माय, मी काय करू?"

मी म्हटलं, "तू तर वळखस ना मले?"

"मन्ही वळख चालत नही," तो म्हणाला.

ताईचं मागणं एवढंच होतं. अंगठा उठला नाही तर वहीत नाव लिहा, शाईचा ठसा घ्या आणि धान्य द्या. तसा नियम सरकारने केलेला होता म्हणे, पण तो डोंगर चढून आला नव्हता. तो वर आणायला ती निघाली होती. तहसील कचेरी, कलेक्टर कचेरी, मुंबईला मंत्रालय. अर्ज मी लिहायचे, ती फाडायची. "'कृपा करून' कशाला लिहिलंस? त्यांच्या घरचं मागतेस का? परत लिही."

साहेबापुढे बोलायची बायकांची ती तालीम घ्यायची. "रडायचं नाही," ती म्हणायची. "रडलं की साहेब पाणी पाजतो, सही करत नाही." एका बाईचं तान्हं मूल फडावर दगावलं होतं. ताईने तिला ते चार वेळा सांगायला लावलं. पाचव्या वेळी त्या बाईने भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. ताई म्हणाली, "आता बरोबर." मी बाजूला चहा करत होते. चहा उतू गेला, तर मलाच बोलली.

आता माझ्या जावेचं सांगते. ती विधवा, मूलबाळ नाही, गुडघे गेलेले, म्हणून ऊसतोडीलाही जाता येत नव्हतं. तीन महिने मशीनने तिला धान्य दिलं नव्हतं. आमच्या दोघींच्या घरांत एकच कूड, बांबूचा, मातीने लिंपलेला. त्यात भाकरी जाईल एवढी एक फट होती. रोज माझ्या चुलीवरची एक भाकरी त्या फटीतून पलीकडे जायची. वर मिरची नाहीतर थोडी डाळ. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

दिवाळीआधी एका बुधवारी ताई घरी आली आणि माझ्या चुलीपाशी बसली.

"सोमवारी चौकशी समिती येते. तुझ्या जावेच्या घरी आणते."

"आण."

"तिला जेवू कोण घालतं?"

"मी."

"बंद कर."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"साहेब हेच विचारणार, जेवू कोण घालतं? ती खोटं बोलेल का?"

"ती? तिला कोंबडीशी पण खोटं बोलता येत नाही."

"मग ती म्हणेल, जाऊ घालते. साहेब लिहील, नातेवाईक सांभाळतात, उपासमार नाही. फाइल बंद. किती अर्ज लिहिलेस तू? अर्जाला पोट नसतं. त्यांना उपाशी माणूस दाखवावा लागतो."

"मग तिला सांगून ठेवते."

"नको. सांगितलंस तर तेही ती साहेबाला सांगेल."

हे खरं होतं. ताईचं नेहमी खरंच असायचं, म्हणून तर तिचा राग यायचा. तिने पाड्यातल्या बाकीच्या घरांनाही हेच सांगितलं. पाड्यात कुणाचाच अंगठा उठत नव्हता. सगळ्यांनी मान हलवली.

त्या दिवशी मी फटीत चिंधी कोंबली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती चिंधी पलीकडून थोडी हलली. मग थांबली. आमच्यात मागत नाहीत. ती अंगणातला चिंचेचा पाला खुडून उकडायची, त्याचा वास यायचा. माझ्या घरात मका होता. मी भाकरी थापायचे तेव्हा आवाज होऊ नये म्हणून हलक्या हाताने थापायचे.

सोमवारी समिती आली नाही. गाडी मिळाली नाही म्हणे. ताई म्हणाली, "गुरुवारी येतील. तोवर बंदच ठेव."

पुढे लोक सांगायचे की त्या आठ दिवसांत ताईनेही अन्न सोडलं होतं. खोटं आहे. शनिवारी मी तिला अक्कलकुव्याच्या स्टँडवर भजी खाताना पाहिलं. मिरचीसकट. मलाही तिने पुढे केली. मी खाल्ली.

गुरुवारी साहेब आला. जाऊ कुडाला टेकून बसली होती. ओठ पांढरे झाले होते. साहेबाने मडकी बघितली. एकात हात घातला, बघितला, पुसला. मग विचारलं, "आजी, तुम्हाला जेवू कोण घालतं?"

जावेला मराठी समजतं, बोलता येत नाही. तिचं बोलणं मी सांगायचं, असं ठरलेलं. तिने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग आमच्या बोलीत म्हणाली, "ही घालते. रोज घालते."

जन्मात पहिल्यांदा ती खोटं बोलली. घरच्यांनी उपाशी ठेवलं असं परक्यापुढे सांगायचं, त्यापेक्षा आमच्यात मरण बरं वाटतं. तिने माझी अब्रू राखली. ताईला सगळं माहीत असायचं, हे माहीत नव्हतं.

साहेब पेन उघडून थांबला होता. "काय म्हणतात आजी?"

ताईला आमची बोली कळायची. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "सांग."

मी सांगितलं. "ती म्हणते, मी घालते. खोटं बोलते. आठ दिवस मी तिला काही दिलं नाही."

"का नाही दिलं?"

"मलाच पुरत नाही."

हे माझं खोटं. साहेबाने माझ्याकडे बघितलं, पायाखाली काही आल्यावर बघतात तसं, आणि लिहिलं. ताई तिच्या वहीत लिहीत होती. तिने मान वर केली नाही. जाऊ जमिनीकडे बघत होती. तिला सगळं समजलं होतं.

गाड्या गेल्यावर मी भाकरी टाकली आणि चिंधी काढली. हात पुढे गेला तो ओल्यात. पलीकडून तिने शेणमातीने फट लिंपून टाकली होती. आठ दिवसांची उपाशी बाई, तिने आधी ते केलं.

होळीला पाडा फडावरून परतला, तोवर दुकानात वही आली होती. पहिलं नाव जावेचं. दुकानदाराने तिचा अंगठा शाईत बुडवला आणि म्हणाला, "आते मन्ही वळख चालस, माय." सगळा पाडा हसला. शेजारच्या पाड्यांतही वह्या आल्या. जाऊ पुढे सगळ्यांच्या हातचं खायची, फक्त माझ्या हातचा चहासुद्धा घेतला नाही. ताईने सांगितलं म्हणून मी तसं केलं, हे मी तिला कधी सांगितलं नाही. चिंधी तर माझ्याच हाताने कोंबली होती.

ताईला मात्र सांगितलं, जाऊ माझ्या हातचं खात नाही म्हणून. ती म्हणाली, "तिचं धान्य सुरू झालं ना? मग तुझ्या भाकरीचं काय काम?" मग म्हणाली, "तुझं नाव अहवालात घातलेलं नाही." जणू मला लुगडं दिलं.

नंतर ती तोरणमाळकडच्या पाड्यांत गेली, तेच काम करायला. परवाच्या पावसाळ्यात त्या बाजूच्या एका खोलीत तापाने गेली. एकटीच होती. घरमालकाने दोन दिवसांनी दार उघडलं.

मला फोन आला तेव्हा मी जावेच्या अंगणात गेले. किती वर्षांनी गेले, आठवत नाही. ती सुपात गहू पाखडत होती.

"ताई गेली," मी म्हटलं.

तिने सूप थांबवलं. "तिला जेवू कोण घालत होतं?"

"कोणी नाही."

ती परत पाखडायला लागली. मी घरी परत आले.

संध्याकाळी बघितलं, तर तिच्या अंगणाच्या कडेला पळसाच्या पानावर रेशनच्या गव्हाची जाड रोटी ठेवलेली होती. गेलेल्या माणसासाठी आम्ही ठेवतो, तशी. रोटी गरम होती, वाफ माझ्या घरापर्यंत येत होती.