काझीने शिक्का परत केला

रशीद मुजावर गेल्याचं मला झरीनाभाभींनी फोनवर कळवलं. "गेले हो हे…" त्याला आता महिना उलटला. रडून झालं, पण राग उतरत नाही.

केंद्र सरकारच्या अनुवाद विभागात आमची टेबलं वीस वर्षं शेजारी होती. रशीदभाई मिरजेचे, राहायला गाझियाबादला. चाळिशीत ते फारसी शिकले, ते मध्ययुगातल्या एका काझीचं चरित्र मराठीत लिहायचं म्हणून. डबा खाताना मला त्याचीच गोष्ट सांगत. मोठा विद्वान, सुलतानाने नेमलेला न्यायाधीश. सुभेदाराने एका विणकर विधवेचं घर बळकावलं, तेव्हा या काझीने सुभेदाराला तिच्या शेजारी उभं केलं आणि घर तिला परत दिलं. निकाल फिरवायला दबाव आला, तसा त्याने शिक्का परत केला आणि सूफींच्या खानकाहात, त्यांच्या मठात, जाऊन उरलेलं आयुष्य येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी पाजत काढलं.

रशीदभाईंनी हस्तलिखित इथे राजधानीतल्या एका मराठी मंडळाला छापायला दिलं. दोन वर्षं ते तिथेच पडून होतं. शेवटी मंडळाच्या अध्यक्षांनी त्यांना बोलावलं, सोबत मीही गेले. "मुजावरसाहेब, लिहिलंय बिल्कुल छान. पण सध्या दिवस कसे आहेत, बघताय ना? काझीऐवजी एखाद्या संतावर लिहा की."

"त्याने निकाल चुकीचा दिला होता का?" रशीदभाईंनी शांतपणे विचारलं.

अध्यक्षांनी चहाचे कप पुढे सरकवले. मी त्यांची बाजू घ्यायची सोडून चहा पीत राहिले… त्याची लाज अजून वाटते.

शोकसभेत तेच अध्यक्ष म्हणाले, "त्यांचं अप्रकाशित लेखन म्हणजे मराठीचं धन!" मी उठले. "मग छापलं का नाहीत?" मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, आज नको ना, यार." मी तिथून तडक गाझियाबाद गाठलं.

झरीनाभाभींनी रशीदभाईंची खोली उघडली. खिडकीशी खुर्ची होती, टेबलावर कागदांचा गठ्ठा. भाभी म्हणाल्या, "नकार आल्यावरही रोज सकाळी एक पान मोठ्याने वाचायचे. शुद्धलेखन तपासायचे. मी म्हटलं, आता कशाला? तर म्हणाले, एक जरी वेलांटी चुकली ना झरीना, तर त्यांना कारण मिळेल."

मी गठ्ठा घरी आणला. आठवडाभर, हातात पेन्सिल घेऊन, पान न् पान वाचलं. पेन्सिल कुठेच टेकवावी लागली नाही.