गाळ उघडा पडला नाही

माझ्यावर सगळ्यात जास्त ऋण आहे ते शाळेत भूगोल शिकवणाऱ्या सरांचं. आई-वडील ऊसतोडीला निघाले की वर्गातली निम्मी मुलं आपापल्या घरच्यांबरोबर जायची. मलाही जावं लागलं असतं. सर वडिलांना म्हणाले, "हा माझ्याकडं राहील." दर वर्षी साखर कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत मी त्यांच्याच घरी जेवलो, झोपलो, शिकलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो तो असा.

रविवारी सर मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून शेवगावच्या पलीकडं जायकवाडीच्या फुगवट्यावर नेत. उन्हाळा जवळ आला की धरणाचं पाणी मागं हटतं, काठचा गाळ उघडा पडतो आणि त्यात रोहित पक्षी उतरतात. उभ्या माणसाला पाखरं बुजतात, म्हणून सर सायकल हातात धरून तिच्या आड वाकून चालत. मी त्यांच्या मागं.

यंदा थंडीत सरांना अर्धांगवायूचा झटका आला. मुलीनं त्यांना पुण्याला नेलं. वाचा गेली आहे. उत्तर देता येत नाही म्हणून कानाला लावलेला फोन ते ढकलून देतात. लिहिलेलं मात्र कळतं. मार्चमध्ये त्यांनी डाव्या हातानं कागदावर एकच शब्द लिहिला, 'रोहित?' बाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, त्याचा फोटो मला पाठवला आणि लगेच फोन केला.

"जाऊन ये. पण आले नसले तरी आले म्हणूनच लिही. जेवणच सोडल्यासारखं केलंय त्यांनी. तेवढ्यावर पोटात काही जाईल."

"बघतो," म्हणालो.

नोकरीमुळं मी भिंगारला राहतो. माझी जाड टायरची सायकल शेवगावला मावशीकडं असते. रविवारी सकाळी डांबरी रस्ता सोडून गाडीवाटेला लागलो. शेजारच्या उसाचं पाणी वाटेवर फुटलं होतं. काळी माती चाकात अशी बसली की चाक फिरेना. काटकीनं खरडायचं, थोडं जायचं, पुन्हा खरडायचं. शेवटी सायकल खांद्यावर घेतली.

काठावर पोचलो तर गाळ नव्हताच. पाणी थेट बाभळींच्या बुंध्यांना टेकलं होतं. दुर्बीण लावून बसलो. लांब काही पांढरं दिसलं की दुर्बीण तिकडं वळवायचो, आणि बगळा निघायचा.

एक म्हातारी शेळ्या घेऊन आली. "काय हरवलंय रं पान्यात?"

"पाखरं बघतोय, आजी. रोहित."

"ती लांब टांगांची? मागल्या सालापत्तूर एक मास्तर यायचा. सायकल धरून वाकून चालायचा. आमी हसायचो, सायकलीला पानी पाजाया आनलंय म्हनून. मेला का काय?"

"नाही. आजारी आहेत."

"मग सांग त्याला, औंदा पानी हटलंच न्हाई. हटलं की आमी हितं गाळात हरभरा पेरायचो. आमालाच जागा न्हाई, तर पाखरं कुठं उतरत्यात?"

ऊन उतरेपर्यंत थांबलो. एकही आला नाही.

परतताना मनात वाक्य जुळवत होतो, 'सर, आले.' सोपं होतं. कदाचित त्यावर ते जेवलेही असते. पण ज्यांना आता पुन्हा तिथं जाऊन बघता येणार नाही, त्यांनाच खोटं सांगणं मला जमेना. घरी येऊन लिहिलं ते असं:

आदरणीय सर, पाया पडतो.

रोहित आले नाहीत. पाणी बाभळींपर्यंत आहे, गाळ कुठंच उघडा नाही. पाणकावळे पुष्कळ होते. चक्रवाकांची एक जोडी होती. शेळ्या राखणाऱ्या एक आजी तुमची चौकशी करत होत्या. तुम्ही सायकलीला पाणी पाजायला आणता असं म्हणून त्या लोकांनी तुमची बरीच चेष्टा केलेली दिसते.

बाईंनी मला 'आले' असं लिहायला सांगितलं होतं. त्यांच्यावर रागावू नका, त्या घाबरल्या आहेत. मीही घाबरलो आहे. पाणी हटेपर्यंत दर रविवारी जाईन. काही दिसलं तर लिहीन, नाही दिसलं तरी लिहीन. तोवर बाई भरवतील तेवढं खा, सर.