शिवण डोक्यावर नको

लक्ष्मीदेवींना मी किती ओळखत होतो, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर 'फारसं नाही' हेच आहे. या कानडी शहरातल्या बनशंकरी भागात आमची आणि त्यांची गच्ची शेजारी शेजारी, मध्ये कमरेएवढी भिंत. इतकी वर्षं असं राहूनही त्यांचं माहेर दावणगेऱ्याचं, हे मला त्या गेल्यावर तेराव्याच्या जेवणात कळलं. त्यांचं लहानपण, त्यांचा संसार, यातलं मला काही सांगता येणार नाही. आमच्या रविवारच्या चालणाऱ्या मंडळींनी "तुम्ही शेजारी, तुम्हीच लिहा" म्हणून हे माझ्यावर सोपवलं. मला माहीत आहे ती त्यांच्या ताडपत्रीची गोष्ट. तेवढी लिहितो.

त्या शिंपीकाम करायच्या. घराच्या जिन्याखाली दुकान. त्यात मशीन, इस्त्रीचं टेबल आणि एक स्टूल मावायचं. गिऱ्हाईक बाहेर पायरीवर उभं राहायचं. सासरचं घराणं कित्येक पिढ्यांपासून इथलंच. मराठी बोलताना त्या 'जरा थांबा'ला 'स्वल्प थांबा' आणि 'बरं'ला कानडी 'सरी' म्हणत, आणि सगळे त्यांना अक्का म्हणत. आयुष्यभर जड इस्त्री ओढून उजवा खांदा कामातून गेला होता. तरी आमच्याबरोबर चालायला यायच्या आणि कधी मागे पडायच्या नाहीत.

आमचा गट म्हणजे सात-आठ म्हातारी मराठी माणसं. रविवारी आसपासच्या टेकड्या, आणि वर्षातून एकदा, जानेवारीत, चिकमगळूरच्या बाजूची मोठी चाल. तिथल्या एका कॉफीच्या मळ्याच्या मालकांनी वरच्या गवताळ पठारावर मुक्काम करायची परवानगी दिलेली आहे. सगळा बंदोबस्त जयसिंगरावांचा. ते मूळ निपाणीचे, इथल्या पीण्या भागातल्या कारखान्यात फोरमन होते, आणि अजूनही आम्हाला कामावर घेतल्यासारखे वागवतात. त्यांचा नियम असा की दोघांत एक तंबू, अर्धा याच्या पाठीवर, अर्धा त्याच्या.

अक्कांच्या जोडीला कावेरीबाई असायच्या. त्या वर्षी त्या मुलाकडे हुबळीला राहायला गेल्या. गटात दुसरी बाई नव्हती, म्हणजे अख्खा तंबू अक्कांच्या खांद्यावर आला. एका रविवारी त्यांनी तो पाठीवर घेऊन पाहिला. परतताना उजवा हात डाव्या हाताने धरून चालत होत्या. जयसिंगराव म्हणाले की तंबू ते स्वतः उचलतील, किंवा अक्कांनी खाली मळ्याच्या बंगल्यात झोपावं.

"माझं अंथरूण दुसऱ्याच्या पाठीवर नको," अक्का म्हणाल्या. "आणि बंगल्यात झोपायला मला घर आहे की."

म्हणजे काहीतरी मार्ग काढायचा, नाहीतर त्या वर्षीची चाल सोडायची. आणि या वयात एक वर्ष सुटलं की पुढचंही सुटतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मार्ग पायरीवर आला. प्रणिता नावाची बेळगावची एक मुलगी, इथे कुठल्याशा कंप्युटर कंपनीत होती, ती चेन दुरुस्त करायला एक लांबलचक पिशवी घेऊन आली. तिला बिव्ही बॅग म्हणतात. आपण झोपतो ती गरम पिशवी या पिशवीच्या आत सरकवायची, म्हणजे खालची ओल आणि वरचे शिंतोडे आत येत नाहीत. डोक्यावर एक पातळ ताडपत्री दोरीने आणि चालायच्या काठ्यांनी ताणायची. झालं घर. अक्कांनी ती पिशवी शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर तोलून आणली आणि परत येऊन तिलाच विचारलं, "ही मला देतेस का? बदल्यात तुझे ब्लाउज शिवते." प्रणिताला बहिणीच्या लग्नासाठी ब्लाउज हवेच होते. सौदा तिथेच ठरला. ताडपत्री मात्र अक्का स्वतः शिवणार होत्या. शिवायची वस्तू विकत घेणं त्यांच्या घरात बसत नव्हतं.

जयसिंगरावांना हे मुळीच पटलं नाही. पूर्वी एकदा गटातला एक जण पावसात भिजून तापाने फणफणला होता आणि सगळ्यांना अर्ध्यातून उतरावं लागलं होतं. "अक्का, डोंगर हाय त्यो," ते म्हणाले. "चारी बाजूनं उघडं. तुम्ही भिजला तर आमाला सगळ्यांना खाली यावं लागंल." शेवटी त्यांनी अट घातली. ऑक्टोबरचा पाऊस आहे तोवर एक पावसाची रात्र गच्चीवर काढायची. कोरड्या राहिल्या तर चालेल, नाहीतर तंबू किंवा बंगला.

अक्कांनी मान्य केलं.

चिकपेटेच्या बाजारातून रेनकोटचं कापड आलं. त्याचा पन्हा अपुरा, म्हणून दोन पट्टे जोडायचे होते. अक्कांनी जोड बरोबर मधोमध घेतला, ब्लाउजच्या पाठीला घेतात तसा, आणि त्यावर दुहेरी शिवण मारली. बारीक, सरळ, पाहत राहावं अशी. एक टोक धरायला मला भिंतीपलीकडून बोलावलं होतं. शिवण फार सुंदर झाल्याचं मी म्हणालो. मला त्यातलं काय कळतं, पण म्हणालो.

पाऊस लागला त्या संध्याकाळी त्या गच्चीवर गेल्या. सकाळी शेजाऱ्यांनी त्यांच्या मुलाला, नरसिंहला, हळूच विचारलं की घरात काही वाजलं का, आई गच्चीवर का झोपली? नरसिंह बिचारा दिवसभर खुलासा करत फिरला.

अक्का भिजल्या होत्या. गच्चीवर पाहायला कुणी नव्हतं, भिजले नाही म्हणाल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं. पण रविवारी त्यांनी आल्या आल्या स्वतःच सांगितलं. शिवणीतल्या सुईच्या एकेका भोकातून पाणी झिरपून थेट कपाळावर पडत होतं. जन्मभर शिवण पक्की करायची म्हणजे सुई जास्त घालायची, हीच सवय. इथे जितकी सुई जास्त, तितकी भोकं जास्त. आणि ती सगळी डोक्यावर, ताडपत्रीच्या कण्यावर.

"मग आता तंबू?" जयसिंगराव म्हणाले.

"नाही. चूक माझ्या शिवणीची आहे, ताडपत्रीची नाही."

त्या आठवड्यात मी रोज कापड धरायला जात होतो. सुंदर शिवण त्यांनी ब्लेडने उसवली आणि भोकांची पट्टी सरळ कापून टाकली. मला हळहळ वाटली, त्यांना वाटलेली दिसली नाही. कापड आखूड झालं म्हणून आणखी आणलं. या वेळी अख्खा पन्हा डोक्यावर ठेवला आणि जोड खाली काठाजवळ नेला. मंगळुरी कौलं जशी एकावर एक बसतात तशी वरच्या कापडाची कड खालच्यावर आणली, म्हणजे पाणी शिवणीत न शिरता वरून घसरून जाईल. एकच शिवण, मोठे टाके, वर मेण घासलेलं. ओबडधोबड दिसत होतं. नरसिंह म्हणाला, "आई, हे तू शिवलंस म्हणून कुणाला सांगू नकोस."

"सांगणार आहे," अक्का म्हणाल्या. "दोरी धर."

त्या वेळी मी धीर करून त्यांना विचारलं होतं की एवढा आटापिटा कशासाठी. त्या कापड झटकायला उठल्या. मग म्हणाल्या, "दिवसभर मान वर केली की मला जिन्याची खालची बाजू दिसते, अण्णा. रात्री तंबूत तंबूचं कापड. डोंगरावर तरी बाजूला पाहिलं की डोंगर दिसू दे." पुन्हा मशीनवर बसल्या.

पुढच्या पावसाला जयसिंगराव पहाटे स्वतः आले. मी कॉफी घेऊन गच्चीवर होतोच. त्यांनी वाकून अक्कांच्या गरम पिशवीवर डोक्यापासून पायापर्यंत हात फिरवला, कारखान्यातला माल तपासावा तसा. पायाशी थांबले.

"हितं ओल हाय."

"रात्री पाय पसरले, ताडपत्रीच्या बाहेर गेले. बाहेर गेल्यावर भिजणारच."

"डोंगरावर पाय नसत्यात काय?"

"असतात. पण तिथे आखडून झोपेन. थंडी असते ना."

जयसिंगराव हसू दाबून कॉफी पीत राहिले. हो म्हणाले नाहीत. पण जाताना जिन्यातून त्यांनी ओरडून सांगितलं की खुंट्या लाकडी नकोत, लोखंडी आणा.

जानेवारीत आम्ही गेलो. अक्कांच्या पाठीवर एवढंसं ओझं. दोन्ही हात मोकळे सोडून त्या चढत होत्या, आणि मी मागे धापा टाकत होतो. पठारावर आमचे तंबू रांगेत उभे राहिले आणि थोड्या अंतरावर अक्कांची ती राखाडी ताडपत्री. अंधार पडता पडता वारा फिरला आणि ताडपत्री फडफडू लागली. जयसिंगरावांनी हाक मारली की स्वयंपाकाचा तंबू रिकामा करतो, आत या. अक्का उठल्या, काठ्या अर्ध्यावर आणल्या, वाऱ्याकडची कड थेट जमिनीला भिडवली आणि तिच्यावर दगड ठेवले. आता आत बसताही येत नव्हतं, फक्त सरपटत शिरता येत होतं. त्या सरपटत शिरल्या.

सकाळी आम्ही तंबूंची तोंडं उघडली तेव्हा त्या आत पोटावर पडून, हातांवर हनुवटी टेकवून, समोरच्या दरीतलं धुकं बघत होत्या. केस कोरडे होते. घोट्यावर मात्र रक्ताचा ओघळ होता.

"काय अक्का, जानेवारीतबी जळवांना जेवण घातलं जनू?" जयसिंगराव म्हणाले.

"एकच होती. आली, जेवली, गेली. तंबूत असते तर दार वाजवून आली असती का?"

जयसिंगरावांनी त्या दिवशी काही कबूल केलं नाही. पण परतीच्या वाटेवर अक्कांना रांगेत सगळ्यांत पुढे चालायला सांगितलं, आणि पुढच्या वर्षीच्या नियमात "तंबू किंवा आपापली सोय" असं आलं. अक्का त्याही वर्षी आल्या. त्याच ताडपत्रीखाली झोपल्या.

त्यानंतरच्या मे महिन्यात मी त्यांच्याकडून ती ताडपत्री मागून घेतली. मलाही एकदा झोपून पाहायचं होतं, गच्चीवरच, लांब कुठे जायची हिंमत नव्हती. वळिवाची सर आली आणि मी बऱ्यापैकी कोरडा राहिलो. सकाळी भिंतीपाशी अक्का कपडे वाळत घालत होत्या. चेहरा जरा ओढलेला वाटला, पण मी काही विचारलं नाही. दोन दिवसांनी त्या झोपेतच गेल्या. ताडपत्री अजून माझ्याकडेच आहे. नरसिंह म्हणतो, ठेवा.

अक्का कपडे वाळत घालत होत्या त्या सकाळी मी ती घडी करून भिंतीवरून पुढे केली होती.

"आत्ता नको," अक्का म्हणाल्या. "ओली आहे. वाळवून द्या, नाहीतर वास धरते."

"दोरीसुद्धा?"

"दोरीसुद्धा. गाठी सोडून."

"सरी," मी म्हणालो.