राब नसलेलं चित्र

सन १९५४. मी सत्तावीस वर्षांचा, शाळा दुसरीपर्यंत. पुण्याचे एक लेखक तळेघरात आमच्या पडवीत उतरले होते. भातशेतीवरचं त्यांचं पुस्तक छापखान्यात होतं. पुस्तक बाहेर येण्याआधी शाळाशाळांत जाऊन ते पोरांना त्यातली चित्रं दाखवणार होते. संध्याकाळी माझ्या बैलांपुढे उभं राहून त्यांनी भाषणाची तालीम केली. दर चित्राआधी हात धोतराला पुसायचे.

पेरणीचं चित्र आलं तसा मी बोललो, "पावणं, राब कुठाय? पालापाचोळा, शेण पसरून जमीन भाजल्याबिगर भाताचं रोप व्हतं व्हय?"

"अवो, पावण्यांना जेवू तरी द्या!" कारभारीण म्हणाली.

मी हटलो नाही. लेखक चिडले नाहीत. खाली बसून सगळं लिहून घेतलं आणि म्हणाले, "उद्या पोरं गप्प बसली असती, आणि मनातल्या मनात मला खोटा ठरवून घरी गेली असती."

अडाण्याचं ऐकून स्वतःचं लिहिलेलं खोडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण पेरणीचं ते पान छापायच्या आत छापखान्याला पत्र पोचायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते शाळेत गेले, आणि मी त्यांचं पत्र टपालात टाकायला घोडेगावपर्यंत चालत गेलो.