जावईबापूंची दाढी

अख्खं गाव त्याला होयबा म्हणायचं, आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. न्हाव्याच्या धंद्यात नाही म्हणून कसं चालेल, तुम्हीच सांगा! गिऱ्हाईक खुर्चीत बसलंय आणि म्हणतंय, यंदा थंडी कमीच आहे. बाहेर नळ गोठून बसलेत, तरी म्हणायचं, "होय, कमीच." त्याच्या मागचा येऊन म्हणतो, असली थंडी जन्मात पाहिली नाही. "होय हो, कहर आहे नुसता!" या एका शब्दावर होयबाचं दुकान वर्षानुवर्षं सुखात चाललं होतं.

दुकान म्हणजे एक खुर्ची, समोर आरसा, फळीवर कात्र्या-कंगवे, वस्तरा परजायला भिंतीवर टांगलेला चामड्याचा पट्टा आणि दुकानाचा एक कायदा. तो कुठं लिहून लावला नव्हता, पण होयबा तो प्राणापलीकडे पाळायचा. ज्यानं मान मागे टाकून डोळे मिटले, त्याची दाढी करायची. विचारायचं नाही. विचारलं की माणसाची डुलकी मोडते, आणि दाढीतली निम्मी मजा त्या डुलकीतच असते, असं त्याचं ठाम मत होतं.

बायको गेल्यापासून होयबाला घर असं आठवड्यातून एकदाच वाटायचं. रविवारी दुपारी मुलगी आणि जावई जेवायला यायचे. मुलगी आली की घराला आवाज यायचा. पण जावई! जावई माणूस सोन्यासारखा, फक्त मुका. म्हणजे बोलता यायचं, पण सासऱ्यापुढं नाही. तो गावच्या आइस हॉकीच्या टीमचा गोलकीपर होता. होयबाला आइस हॉकी म्हणजे बर्फावरची मारामारी एवढंच ठाऊक. मग दोघांत बोलणं व्हायचं ते असं: "मीठ देता का, बाबा?" "होय, घ्या ना, जावईबापू." आणि मग शेवटी, "निघतो, बाबा." "होय, या."

मुलगी मध्ये बसून दोन्हीकडची बोलणी एकटीच करायची. एका रविवारी तिचा संयम सुटला. ताट बाजूला सारून ती म्हणाली, "बाबा, मी काय दुभाषी आहे का? तुम्ही दोघं भिंतीसारखे समोरासमोर बसता. मला नाही जमत आता हे. तुम्हाला एकमेकांशी बोलायचं असेल तेव्हा कळवा, तेव्हा येऊ आम्ही जेवायला."

"होय," म्हणाला होयबा. सवय, दुसरं काय! मुलगी खरंच पुढच्या रविवारी आली नाही. होयबानं एकट्यानं जेवायला घेतलं, आणि पहिला घास काही केल्या गिळवेना. त्यानं ताट झाकलं आणि ठरवलं, आपण आइस हॉकी शिकायची. काहीही होवो.

गुरू शोधायला लांब जावं लागलं नाही. शेजारच्या दुकानातला खाटीक टीमचा जुना भक्त. केस कापून घेता घेता त्यानं शिकवणी सुरू केली. "हे बघ होयबा, खेळ चालू असताना जागेवरून उठायचं नाही. मागच्यांना दिसत नाही. ही पहिली शिस्त. आणि ती रबरी चकती, पक म्हणतात तिला, तिच्यामागे डोळे पळवायचे नाहीत. ती सापडत नाही. माणसं बघायची."

"होय," होयबा म्हणाला.

दुपारी पोस्टमन आला. तो म्हणाला, "माणसं कशाला बघतोस? माणसं काय रस्त्यातही दिसतात. पकवर नजर ठेव."

"होय, बरोबर." होयबानं दोघांचंही ऐकायचं ठरवलं, एक डोळा माणसांवर, एक पकवर. पहिल्या मॅचला त्यानं तसा प्रयत्न केला आणि पाच मिनिटांत त्याचं डोकं गरगरायला लागलं. म्हणून त्यानं ते सगळं सोडलं आणि फक्त गोलकीपरकडं बघायला सुरुवात केली. आपला माणूस तोच, बाकीच्यांशी काय घेणंदेणं? जावईबापूंनी पक अडवला की हा टाळ्या पिटायचा. "शाब्बास, जावईबापू!"

पुढं मध्यंतर झालं. होयबा गरम कॉफी पिऊन आला, परत त्याच गोलकडं तोंड करून बसला आणि दुप्पट जोरात ओरडायला लागला. आता या खेळात मध्यंतरानंतर टीम बाजू बदलतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. गोलकीपरच्या अंगातला शर्ट वेगळा दिसतोय हे त्याला दिसलं होतं, नाही असं नाही. पण घामानं भिजला असेल, बदलला असेल बिचाऱ्यानं, अशी त्यानं मनाची समजूत घातली. समोरच्या टीमच्या गोलकीपरनं एक पक अप्रतिम अडवला, तेव्हा गावच्या सगळ्या प्रेक्षकांनी कपाळाला हात लावला आणि त्यांच्या मधोमध एकटा होयबा "काय अडवलाय! माझा जावई आहे!" म्हणून नाचत होता. शेवटी खाटकानं त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून दुसऱ्या टोकाला वळवलं. "तो आहे तुझा जावई. तो तिकडचा. बस आता गप."

पण होयबानं हार मानली नाही. ऑफसाइड, आइसिंग, पॉवर प्ले असले सगळे नियम शिकला, दंड झालेल्या खेळाडूला कुठल्या खोक्यात बसवतात ते शिकला. पहिल्या काही मॅचना त्याला रक्त बघून भीती वाटायची, मग फुटलेली नाकं मोजायची सवय लागली. आणि त्याच वर्षी, कधी नव्हे ते, गावाची टीम बाद फेरीत पोचली. वीसेक वर्षांत घडलं नव्हतं असं. गाव नुसतं उधाणलं. फक्त होयबाच्या दुकानात एक चमत्कारिक गोष्ट झाली. दाढी करून घ्यायला कुणी येईना. केस कापायला यायचे, पण दाढी म्हटलं की "नको नको" करत पळायचे. होयबानं समोरच्या नव्या सलूनच्या नावानं बोटं मोडली. मेल्यांनी गिऱ्हाईक पळवलं!

एकदा खाटीकच म्हणाला होता, "बाद फेरीत दाढीची काय भानगड असते, ते ठाऊक आहे ना तुला?"

"होय तर!" म्हणाला होयबा. त्या वेळी तो कानामागचे केस कापत होता आणि त्याचं अर्धं लक्ष कात्रीत होतं.

शेवटच्या मॅचच्या आदल्या दिवशी त्यानं धीर करून जावयाला निरोप पाठवला. या, मानेवरचे केस कमी करून देतो, हेल्मेटखाली टोचत असतील. आणि खरंच, जावई आला! होयबाच्या पोटात आनंद मावेना. त्यानं खुर्ची पुसली, टॉवेल गरम केला. जावई म्हणाला, "फक्त मागचे थोडे कमी करा, बाबा." होयबानं केले. काहीतरी बोलायचं म्हणून जीभ शिवशिवत होती. "उद्या पॉवर प्ले..." इतकं म्हणून त्यानं वर पाहिलं, तर जावई झोपलेला! सरावानं दमलेला पोरगा, उबदार खोली, मानेवर गरम टॉवेल. मान मागे पडलेली. डोळे मिटलेले.

आणि गालांवर हे रान! कसं चालवून घेतलं असेल यानं? मुखवट्याच्या आत घाम येतो, खाज सुटते, पकवरची नजर हलते. होयबा आता खेळ जाणत होता ना! त्याचे डोळे भरून आले. आपण या पोरासाठी दुसरं काय करू शकतो? त्यानं फेस केला, वस्तरा पट्ट्यावर परजला, आणि आयुष्यातली सर्वांत सुंदर दाढी केली. एक ओरखडा नाही. शेवटी तुरटी फिरवली, तेव्हा कुठं जावई जागा झाला.

त्यानं आरशात पाहिलं. हनुवटीवरून हात फिरवला. परत पाहिलं. रोज तोंडावर पक झेलणारा माणूस, पण चेहरा पांढराफटक पडला त्याचा. मग त्यानं सासऱ्याकडं पाहिलं. सासरा हातात ब्रश घेऊन, पहिल्या नंबरानं पास झालेल्या पोरासारखा उभा होता.

"छान झालीय, बाबा," जावई म्हणाला. मफलर नाकापर्यंत ओढून घेतला आणि निघून गेला.

तासाभरानं खाटीक आला. जमिनीवरचा तांबूस ढीग बघून दारातच थबकला. "ही कुणाची?"

"जावईबापूंची!" होयबा अभिमानानं म्हणाला.

खाटीक मटकन खाली बसला. मग त्यानं सांगितलं. बाद फेरी सुरू झाली की टीम जोवर हरत नाही तोवर कुणी दाढीला वस्तरा लावत नाही. खेळाडू नाही आणि भक्तही नाही. लावला तर टीम हरते. अख्खं गाव म्हणून दाढ्या वाढवून बसलंय. "अरे, तुला विचारलं होतं ना मी! होय म्हणालास!"

होयबा तसाच फोनकडं धावला. त्यानं मुलीला फोन लावला. ती रडकुंडीला आलेली. "बाबा, यानं काय केलंय बघा! स्वतःच दाढी काढून आलाय! म्हणतो खाज सुटत होती, घरीच काढली. सगळी टीम त्याच्यावर भडकलीय."

म्हणजे पोरानं सासऱ्याचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. होयबानं तोंड उघडलं, आणि त्यातून आलं काय? "होय का?" फोन ठेवल्यावर त्यानं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. मग दाढीचा ढीग झाडून कागदी पिशवीत भरला. कशासाठी, त्याचं त्यालाही कळत नव्हतं. डिंक मिळतो का ते मात्र पाहिलं त्यानं.

दुसऱ्या संध्याकाळी तो पिशवी छातीशी धरून स्टेडियमात बसला. जावई मुखवटा घालूनच बर्फावर आला आणि तसाच राहिला. पण पाणी प्यायला एकदा मुखवटा वर करावाच लागला, आणि नेमका तेव्हाच कॅमेरा त्याच्यावर. मोठ्या पडद्यावर तो गुळगुळीत चेहरा झळकला. सगळ्या हॉलचा श्वास अडकला, आणि मग जो गदारोळ उठला! "दाढी कुठं ठेवून आलास रे?" "घरी बस आरशासमोर!" समोरच्यांचा पहिला गोल झाला, तशा शिव्या सुरू झाल्या. दुसरा झाला, तशा त्या आईबापांपर्यंत पोचल्या. जावई एकटा त्या जाळ्यासमोर उभा होता, खांदे पाडून.

होयबाला ते बघवेना. रेफरी पक टाकायला वाकला होता, हॉल क्षणभर शांत होता, आणि होयबा खुर्चीवर चढून उभा राहिला.

"ए! दाढी मी केली! झोपेत केली त्याच्या! मी सासरा आहे त्याचा! शिव्या द्यायच्या तर मला द्या!" आणि पुरावा म्हणून त्यानं कागदी पिशवी उंच धरली.

आता मोठ्या पडद्यावर होयबा होता, पिशवीसकट. मागून खाटकाचा आवाज आला, "होयबा, खाली बस! खेळ सुरू झालाय!"

जावयानं पडद्याकडं पाहिलं. मुखवट्याच्या आत काय झालं ते दिसलं नाही, पण त्याचे खांदे हलायला लागले. हसत होता गडी! रेफरीनं खेळ थांबवून विचारलं म्हणे, ठीक आहेस ना? त्यानंतर तो वाघासारखा खेळला. बरोबरी झाली, जादा वेळ झाला, आणि अगदी शेवटी एक पक त्याच्या बाजूनं जाळ्यात गेला. टीम हरली.

सकाळी होयबा दुकानाकडं निघाला तो काचा फुटलेल्या असणार, असं धरूनच. दुकानासमोर माणसांची ही रांग! दाढीवाले, धिप्पाड, डोळे सुजलेले. सगळी टीम. त्यांच्या मागे पोस्टमन, बेकरीवाला, आणि रांगेच्या तोंडाशी खाटीक. "हरलो की दाढ्या काढायच्या, हाही नियमच आहे," तो म्हणाला. "बघतोस काय? फेस कर."

दुपार होईपर्यंत होयबाचा हात थांबला नाही. रांगेतला शेवटचा माणूस खुर्चीत बसला, तो जावई. गालांवर काढण्यासारखं काही नव्हतं. त्यानं मान मागे टाकली आणि डोळे मिटले. होयबा वस्तऱ्याला हात लावणार, तोच थबकला. जन्मात पहिल्यांदा त्यानं विचारलं, "दाढी करायची का?"

"करा, बाबा."

होयबानं नुसताच फेस फासला. जरा वेळानं फेसाआडून जावई म्हणाला, "शेवटच्या गोलात माझी काही चूक नव्हती ना, बाबा?"

गिऱ्हाइकाला काय ऐकायचंय ते होयबाला बरोबर कळलं. शब्द ओठांवर आलाही होता. पण त्याला तो गोल डोळ्यांसमोर दिसला, आणि त्यानं ब्रश खाली ठेवला.

"नाही," तो म्हणाला.

"नव्हती ना?"

"नाही म्हणजे, चूक तुमचीच होती. समोरच्यानं पक मारायच्या आधीच तुम्ही गुडघ्यावर बसलात. वरचा कोपरा मोकळा सोडलात."

जावई फेसासकट ताडकन उठून बसला. "आधी? बाबा, तुम्ही बघत कुठं होतात? परत दुसऱ्या गोलकडं?"

"तुमच्याकडंच बघत होतो! मी दुसऱ्या कुणाकडं बघतच नाही!"

मुलगी नवऱ्याला शोधत आली, तेव्हा दोघं फळीवर वाकले होते. तुरटीचा खडा म्हणजे पक, साबणाची डबी म्हणजे गोल, ब्रश म्हणजे गोलकीपर. होयबा ब्रश आडवा करून दाखवत होता, जावई तो उभा करत होता, आणि दोघंही एकाच वेळी ओरडत होते. ती दारातच उभी राहिली. बराच वेळ ऐकत राहिली, मग मफलरच्या टोकानं डोळे पुसून तिनं विचारलं, "रविवारी यायचं का आपण जेवायला?"

"यायचं म्हणजे काय!" जावई मागे न बघताच म्हणाला. "अजून पहिल्या गोलाचं बोलायचंय."

"आणि दुसऱ्याचं," होयबा म्हणाला.